झेडएक्स-१०आर घेऊ की एस १००० आरआर? आर्णीच्या भावाला माझं सविस्तर उत्तर

आर्णीजवळच्या एका गावच्या भावाने विचारलं आहे. सध्या केटीएमची आरसी ३९० चालवतो, आता हजार सीसी घ्यायची आहे, पैसे सेकंड हँडपुरते जमले आहेत आणि समोर दोन गाड्या आहेत. एक २०२१ ची कावासाकी निंजा झेडएक्स-१०आर, दुसरी त्याच काळातली बीएमडब्ल्यू एस १००० आरआर, म्हणजे शिफ्टकॅमवाली (शिफ्टकॅम काय ते पुढे सांगतो). वापर म्हणजे रविवारी पहाटे यवतमाळ-कळंब-वर्धा करत नागपूर, कधी पांढरकवड्याहून आदिलाबादकडे, आणि वर्षातून एखादा ट्रॅक डे. दादा कोणती घेऊ, असा प्रश्न आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातच वर्कशॉप चालवतो, मोठ्या गाड्यांचंच काम करतो, वणी, चंद्रपूर, पुसद, अमरावतीकडून गाड्या येतात. या दोन्ही गाड्या उघडल्या आहेत आणि इथल्याच रस्त्यावर, इथल्याच उन्हात चालवल्या आहेत. म्हणून युरोपातल्या ट्रॅकवर कोणती गाडी पॉइंट किती सेकंदांनी पुढे राहिली ते सांगत बसत नाही, तुला आर्णीतून काय अनुभव येईल ते सांगतो.

आधी उत्तर देऊन टाकतो. तुझ्यासाठी कावासाकी. इंजिन बीएमडब्ल्यूचं जास्त चांगलं आहे, हे मी मनापासून मानतो, आणि तरी तुला कावासाकी घ्यायला सांगून राहिलो, म्हणून कारण नीट वाच.

पॉवरचा आकडा पहिले बाजूला ठेवू. कावासाकी २०३ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) देते १३,२०० आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, बीएमडब्ल्यू २०७ देते १३,५०० ला. या चार पीएसवर पोरं रात्र रात्र भांडतात. आता हे पहा, झेडएक्स-१०आर पहिल्या गिअरमध्येच १३,००० च्या पुढे नेली तर १४०-१५० च्या घरात जाते, पहिल्या गिअरमध्ये. आपल्या चारपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादा ८० ची आहे. म्हणजे कायद्याने जेवढं चालवता येतं तेवढं पहिल्याच गिअरमध्ये अर्ध्यात होऊन जाते, बाकीचे पाच गिअर आणि वरची सगळी पॉवर आर्णी ते नागपूर कुठंच लागत नाही. आणि समृद्धीचं स्वप्न असेल तर ते आत्ताच सोड, बरेच जण मला विचारतात. समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, गाडी पाच हजाराची असो की पंचवीस लाखाची. रस्ता आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून गेला तरी आपली गाडी त्याच्यावर जात नाही, हे धरूनच गाडी घे.

मंग बघायचं काय? ३,००० ते ९,००० आरपीएमच्या मधात गाडी कशी आहे हे. झेडएक्स-१०आर सहाव्या गिअरला १०० च्या स्पीडला साधारण चार-साडेचार हजारावर फिरत असते. तुझं जवळजवळ सगळं आयुष्य या पट्ट्यात जाणार आहे, ट्रॅकचा दिवस सोडला तर. आणि इथं दोन्ही गाड्यांत खरा फरक आहे.

बीएमडब्ल्यूने २०१९ च्या मॉडेलमध्ये शिफ्टकॅम आणलं. इनटेकच्या कॅमशाफ्टवर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी दोन प्रकारचे कॅम आहेत, एक हळू चालवायसाठी कमी लिफ्टचा आणि एक फुल ताकदीचा. ९,००० च्या आसपास एक पिन खाली येते, शाफ्टवरच्या खाचेत बसते आणि आख्खा कॅमचा भाग बाजूला सरकवून देते, १० मिलिसेकंदात. चालवणाऱ्याला फक्त आवाज बदलल्यासारखा वाटतो. याचा फायदा असा की खालच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जेवढे पाहिजे तेवढेच उघडतात, हवा जोरात आत येते, जळण नीट होतं, आणि गाडी खालूनच ओढते. कंपनीचं म्हणणं आहे की ५,५०० ते १४,५०० पर्यंत कुठंही १०० न्यूटन मीटरच्या खाली टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, जात नाही, आणि चालवल्यावर ते पटतं. कळंबच्या पुढे कापसाची ट्रॉली समोर आली, पलीकडून ट्रक दिसून राहिला, तू चौथ्यात ५,००० वर आहेस, तर बीएमडब्ल्यूला गिअर न पाडता नुसतं मनगट फिरवलं तरी ती निघते.

कावासाकीचं तसं नाही. तिचा जास्तीत जास्त टॉर्क ११४.९ न्यूटन मीटर, म्हणजे आकडा बीएमडब्ल्यूच्या ११३ पेक्षा मोठाच, पण येतो ११,४०० ला. खाली ती शांत आहे. गंमत म्हणजे कावासाकीचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, लांब आहे, बोअर-स्ट्रोक ७६ बाय ५५ मिलिमीटर, आणि बीएमडब्ल्यूचा ८० बाय ४९.७. पुस्तकातलं वाचणारा म्हणेल लांब स्ट्रोकवाली खालून जास्त ओढेल, इथं उलटं आहे, कारण कॅम आणि गिअरिंग दोन्ही रेसच्या हिशोबाने केलेले आहेत. लांब स्ट्रोकमुळे १३,२०० ला तिचे पिस्टन सरासरी सेकंदाला २४ मीटरच्या वर पळतात, बीएमडब्ल्यूचे १३,५०० ला साडेबावीसच्या आत. त्यामुळे कावासाकी सतत लाल पट्टीला ठेवणाऱ्याने इंजिन ऑइलमध्ये कंजुषी करू नये, एवढंच.

यातही २०२१ ची गाडी आधीच्यापेक्षा बरी आहे. कंपनीने पहिले तीन गिअर आखूड केले आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, ३९ दात्यांचं होतं ते ४१ चं केलं. तुला जी मिळून राहिली ती हीच, चांगलं आहे, २०२० पर्यंतची कोणी स्वस्तात देत असेल तर तिचं गिअरिंग अजून लांब आहे हे लक्षात ठेव. आणि २०२१ वालीलाही मी एक गोष्ट सुचवतोच, मागचं स्प्रॉकेट ४३ चं टाक. १७ वर ४१ चा रेशो २.४१ येतो, १७ वर ४३ चा २.५३, म्हणजे सुमारे पाच टक्के आखूड. ऐकायला कमी वाटते पण गावातल्या स्पीड ब्रेकरवरून क्लच न घासता निघणं आणि ट्रॉलीला ओलांडणं, दोन्हीत लगेच समजते. पुढचं १६ चं टाकणं स्वस्त आणि सोपं पडतं, कित्येक जण तेच करतात, पण मग चेन लहान गोलाईवर वळते, लवकर झिजते आणि स्विंगआर्मच्या रबराला घासते, म्हणून मी मागचंच बदलतो. चेनच्या कड्या पुरतात का ते आधी मोजजो, आणि काम झाल्यावर स्पीडोमीटर अन् ट्रॅक्शन कंट्रोल बरोबर वागते का ते एक चक्कर मारून पाहजो.

तर इंजिनमध्ये बीएमडब्ल्यू पुढे. आता ऊन.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर, नवतप्यात तर दुपारी डांबर बुटाला चिकटते. लिटर क्लासची कोणतीही गाडी या हवेत ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की कूलंट १०० च्या पुढे जाणारच, पंखा चालू होणारच, ते नॉर्मल आहे, घाबरू नये. १३ ते १ च्या कम्प्रेशनची कावासाकी आणि १३.३ ची बीएमडब्ल्यू, दोन्ही तापतात, दोघींचीही ॲल्युमिनियमची फ्रेम मांडीला शेकते. पण कावासाकीने २०२१ मध्ये एक काम फार चांगलं केलं, इंजिन ऑइलसाठी वेगळा एअर कूल्ड ऑइल कूलर दिला, स्वतंत्र सर्किटचा, त्यांच्या रेसच्या गाडीसारखा. हे ट्रॅकसाठी केलं होतं पण मला ते पांढरकवडा ते आदिलाबादच्या सरळ रस्त्यावर जास्त कामाचं वाटतं. लांब पल्ल्यात उन्हात ऑइल पातळ होत जातं, गिअर पडताना जो कोरडेपणा पायाला जाणवतो, तो हिच्यात उशिरा येतो.

इथं एक इकडची गोष्ट सांगतो जी पुण्या-मुंबईचा मेकॅनिक सांगणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वणी, हिंगणघाट, पांढरकवडा या पट्ट्यात कापसाच्या गाड्या जिनिंगला जातात, रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या झालेल्या असतात. ती रुई रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. वरून किडे आणि धूळ बसली की त्याचा नमद्यासारखा थर होतो, हवा आरपार जातच नाही, आणि मार्चमध्ये गाडी तापायला लागली की मालक म्हणतो थर्मोस्टॅट गेला. थर्मोस्टॅट ठणठणीत असतो. सुपरस्पोर्टचा रेडिएटर वाकडा, रुंद आणि पुढच्या चाकाच्या अगदी मागं, सगळं त्याच्याच तोंडावर येतं. संक्रांतीनंतर एकदा फेअरिंग उतरवून आतल्या बाजूने बाहेर, कमी प्रेशरच्या पाण्याने धुवून घ्यायचं. कार वॉशिंगच्या पंपाने बिलकुल नाही, पाती चपटी होतात, मग नवीन रेडिएटर. आणि कूलंटमध्ये बोअरचं पाणी कधीच टाकू नको, कितीही अडचण असली तरी. आपल्याकडचं पाणी जड आहे, घरच्या गिझरच्या कॉइलवर कसा पांढरा थर बसतो ते पाहिलंच असेल, तोच थर या गाडीच्या बारीक नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटर यवतमाळात बॅटरीच्या दुकानात मिळते, एक कॅन घरी ठेव.

वणी-घुग्घुस-चंद्रपूर बाजूला जायचं असेल तर कोळशाची धूळ. एअर फिल्टर मॅन्युअलमध्ये लिहिला त्याच्या अर्ध्यात बघायचा. दोन्ही गाड्यांची हवा तोंडाकडून आत घेतली जाते, टँक उचलल्याशिवाय फिल्टर दिसत नाही, म्हणून लोक टाळतात.

आता रस्ता. आर्णी ते वर्धा, बुटीबोरी हा ३६१ चांगला झाला आहे, सिमेंटचा आहे. अमरावती-अकोल्याकडे ५३ वर लोणी ते मानाच्या मधात २०२२ च्या जूनमध्ये १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीजचा रेकॉर्ड केला होता, तिकडेही गाडी छान धावते. पण सिमेंटच्या रोडचं एक आहे, जॉइंट. ठराविक अंतरावर तो धक्का बसत राहतो, आणि सुपरस्पोर्टचं सस्पेन्शन कंपनीतून येतानाच कडक असते. मनगट आणि पाठ, दोन्ही वर्ध्यापर्यंत बोलायला लागतात. बीएमडब्ल्यूच्या प्रो व्हेरिएंटमध्ये इलेक्ट्रॉनिक डॅम्पिंग येते, रोड मोडला टाकलं की जॉइंटवर फरक कळतो, बसायची जागाही किंचित ऐसपैस आहे. कावासाकीला शोवाचे बीएफएफ फोर्क आहेत, ट्रॅकवर उत्तम, पण हाताने सेट करावे लागतात. २०२१ ला त्यांनी हँडल १० मिलिमीटर पुढं नेलं आणि फूटपेग ५ मिलिमीटर वर घेतले, म्हणजे अजून वाकून बसायचं. तुझी उंची साडेपाच फुटाच्या आत असेल तर हे विशेष तपास.

पण कावासाकी घेतलीस तर सस्पेन्शनला हात लावायला घाबरू नको, बरीच पोरं लाखांची गाडी घेतात आणि सस्पेन्शनचे ते स्क्रू कधी फिरवतच नाहीत. पहिले स्वतः पूर्ण गिअर घालून बस, दोघांना गाडी धरायला सांग आणि सॅग, म्हणजे तुझ्या वजनाने सस्पेन्शन किती दबते ते, मोज, रस्त्यासाठी ३५ ते ४० मिलिमीटर ठीक. ते जमल्यावर पुढचं कम्प्रेशन दोन-दोन क्लिक मोकळं करत जा, प्रत्येक वेळी तोच पाच-सहा किलोमीटरचा तुकडा चालवून पाहा. आधीचं सेटिंग वहीत लिहून ठेव. ट्रॅकला जाताना परत तिथंच आणायचं.

वजनात बीएमडब्ल्यू १९७ किलो, कावासाकी २०७. चालताना दहा किलो कळत नाहीत. घरासमोरच्या मुरमात गाडी मागं ढकलताना कळतात.

गावाकडचे धोके सांगितल्याशिवाय ही तुलना अर्धवट राहील, कारण तिथं गाडीपेक्षा टायर आणि डोकं कामी येते. जून ते सप्टेंबर शेतातून ट्रॅक्टर निघतो, चाकाला रेगड चिकटलेली असते, ती पांदणीच्या तोंडाशी हायवेवर पडत जाते. वाळलेली असली तर ठीक, वरून भुरभुर पाऊस आला की ती साबणासारखी होते आणि ट्रॅक्शन कंट्रोल काहीच करू शकत नाही, कारण पुढचं चाकच सरकलं तर कॉम्प्युटर तरी कशाला धरणार. ऑक्टोबरात जिल्हा रस्त्यांवर सोयाबीन पसरलेलं असते, त्याच्यावर ब्रेक मारायचा नाही, आधीच हळू व्हायचं. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर पहाटे आणि तिन्हीसांजेला हमखास, टिपेश्वर अभयारण्याकडच्या पट्ट्यात तर जास्तच. रोही सहसा एकटा नसतो, पहिला गेला म्हणून थ्रॉटल उघडायचा नाही, मागून दुसरा येतोच. तू रविवारी पहाटे निघतो म्हणतोस म्हणून सांगतो, उजाडल्यावर निघ. या गाड्यांचे हेडलाइट झुकलेल्या बसण्यात जेवढं दाखवतात ते १०० च्या स्पीडला पुरत नाही.

ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक्सवर फार लिहीत नाही. कावासाकीला पुढे ३३० मिलिमीटरच्या डिस्क आणि ब्रेंबोचे एम५० कॅलिपर, दोन्ही गाड्यांना सहा अक्षांचं सेन्सर युनिट, वळणात चालणारं एबीएस, लाँच कंट्रोल, दोन्हीकडचा क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर वर-खाली), क्रूझ कंट्रोल, टीएफटी स्क्रीन. बीएमडब्ल्यूत यातलं काय काय आहे ते व्हेरिएंट पाहून तपास. बीएमडब्ल्यूची स्क्रीन मोठी आहे आणि भर उन्हात जास्त स्पष्ट दिसते. कावासाकीला ओलिन्सचा इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग डॅम्पर आहे, खड्ड्यावरून थ्रॉटलवर निघताना हँडल थरथरत नाही, तो मला आवडतो. तू ३९० वरून येऊन राहिला, तर पहिला पावसाळा आणि पहिले काही महिने दोन्हीपैकी कोणत्याही गाडीत रेन किंवा रोड मोडच ठेव. ४३ पीएसवरून २०३ वर जाताना हाताला सवय लागायला वेळ लागतो, आणि तो वेळ दिलाच पाहिजे.

पेट्रोल. कावासाकी ९५ ऑक्टेन मागते. बीएमडब्ल्यूला नॉक सेन्सर आहे, ९५ वर चालते, पण कागदावरची पूर्ण पॉवर ९८ वरच देते. इकडे गावच्या पंपावर ९८ मिळणार आहे का? म्हणजे ते जे चार पीएस जास्त आहेत ते आर्णीत तसेही टाकीत येतच नाहीत. आता सगळीकडे ई-२० आलं आहे, त्याचं ऑक्टेन ९५ धरलं आहे, पण इथेनॉल पाणी ओढतं. टाकी अर्धी ठेवून गाडी पावसाळाभर उभी ठेवली की तळाला पाणी जमते, मग पंप, इंजेक्टर, गंज. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेव. आणि जी गाडी घेशील तिच्या मॅन्युअलमध्ये किती इथेनॉलपर्यंत चालते ते व्यवहाराआधी वाच.

आता पैसा आणि सामान, माझ्या निर्णयाचं मोठं कारण इथं आहे. झेडएक्स-१०आर भारतात चाकणला जुळवली जाते, म्हणून २०२१ मध्ये ती एक्स-शोरूम १४.९९ लाखाला आली. एस १००० आरआर जर्मनीहून पूर्ण तयार येते, २०१९ मध्ये १८.५० लाखापासून सुरू झाली आणि २०२२ च्या डिसेंबरात नवीन मॉडेल २०.२५ ला आलं. नंतर किमती वाढल्या आणि २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना जीएसटी ४० टक्के झाला, त्यामुळे नवीनचा भाव बघून सेकंड हँडवालेही वर सांगून राहिले. जुन्या गाड्यांतही दोघींच्या भावात तोच फरक राहतो. तो फरक मी तुला बँकेत ठेवायला सांगत नाही, तो गाडीवरच लागणार आहे.

१९०/५५ चा मागचा टायर यवतमाळात दुकानात लटकलेला नसतो, मागवावा लागतो. चिकट कंपाउंडचा टायर आपल्या सिमेंटवर आणि या उन्हात चार-सहा हजार किलोमीटरमध्ये मधातून चपटा होतो, कारण आपण सरळच चालवतो. म्हणून एक जोडी आधीच घेऊन ठेवायची, सावलीत, कूलरच्या वाऱ्यात नाही. हवा सकाळी गाडी थंड असताना पुढे ३६, मागे ४२ पीएसआय. दुपारी मोजली तर जास्त दाखवेल, ती कमी करायची नाही, लोक इथं चुकतात आणि संध्याकाळी कमी हवेवर घरी येतात. पंक्चरवाल्याला मागचं चाक उघडू देऊ नको, ॲक्सलला टॉर्क रेंच लागतो, आणि चाक काढायचं तर पॅडॉक स्टँडशिवाय ही गाडी उभीच राहत नाही. स्टँड, टॉर्क रेंच, प्लगची किट आणि छोटा पंप, हे गाडीसोबतच घे.

सर्व्हिससाठी मोठ्या शहरातच जावं लागते, दोन्ही ब्रँडला तीच गोष्ट. पण पडली, लिव्हर तुटलं, फेअरिंगचा तुकडा गेला, तर कावासाकीचं सामान मागवायला आणि चांगल्या स्थितीतलं वापरलेलं मिळवायला सोपं जाते, देशात ती गाडी जास्त फिरते. दुसरं, कावासाकीची कितीतरी कामं मी किंवा माझ्यासारखा कोणी इथंच करू शकतो. बीएमडब्ल्यूची साधी कामं आम्ही करतो, पण इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन, कॅमचे अॅक्च्युएटर, कंट्रोल युनिटचं कोडिंग, हे आलं की कंपनीचं सॉफ्टवेअर लागते, मग गाडी पिकअपमध्ये चढवून घेऊन जायची. मोठ्या शहरात राहत असतास, वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर लांबच्या टूर करत असतास, आणि पैशाची ओढाताण नसती, तर मी तुला बीएमडब्ल्यूच घ्यायला लावली असती. शिफ्टकॅमचं इंजिन रोजच्या रस्त्यावर खरंच वेगळं सुख आहे.

ट्रॅकचं म्हणशील तर विदर्भात ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा साडेतीन किलोमीटरच्या वरचा, किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध, पाच किलोमीटरच्या वरचा. दोन्हीकडे गाडी चालवत नेऊ नको, टायर तिथं पोचायच्या आधीच चपटा झालेला असतो आणि तूही थकलेला असतोस. तीन-चार जण मिळून पिकअप करा. चेन्नईच्या आखूड ट्रॅकवर या दोन्ही गाड्यांची पूर्ण ताकद वापरता येणारे फार थोडे आहेत. रेसर जोनाथन रीने कावासाकीवर २०१५ ते २०२० सलग सहा वर्षं वर्ल्ड सुपरबाइक चॅम्पियनशिप जिंकली, टोप्राक राझगात्लिओग्लूने २०२४ ला बीएमडब्ल्यूवर जिंकून दाखवली, म्हणजे दोन्ही गाड्यांत जिंकायची ताकद आहे, चालवणारा पाहिजे. खरं सांगायचं तर शिकायला मधली झेडएक्स-६आर, ६३६ सीसीची, जास्त बरी. २०२४ च्या सुरुवातीला ११.०९ लाखाला आली होती. तुझं मन हजारावरच आहे ते दिसून राहिलं म्हणून जोर करत नाही, पण एकदा चालवून पाहा.

घ्यायला जाशील तेव्हा मला किंवा कोणा जाणत्याला सोबत ने. इंजिन थंड असताना पोच, विकणाऱ्याला आधीच सांग की सुरू करून ठेवू नको. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज ऐकायचा, कॅम चेनची खडखड दोन-तीन सेकंदात थांबली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून फ्रेमवरचे स्टॉपर पाहा, चेपलेले असले तर गाडी जोरात पडलेली आहे, वर नवीन फेअरिंग कितीही चमकू दे. क्लच कव्हर आणि जनरेटर कव्हरच्या कडा, फूटपेगची टोकं, बार एंड, रेडिएटरचे कोपरे. फोर्कच्या नळीवर बोट फिरव, तेल लागलं तर सील गेले. ब्रेक कॅलिपरच्या बोल्टवर सेफ्टी वायरसाठी पाडलेली भोकं दिसली तर ती गाडी रेसला गेलेली आहे, तशी घेऊ नये असं नाही, पण भाव तसा पाहिजे. सर्व्हिसची बिलं, आरसीवर हायपोथिकेशन (कर्जाची नोंद), इन्शुरन्सचा क्लेम झाला होता का, हे सगळं पैसे देण्याआधी. मूळ दोन्ही चाव्या माग, एकच असली तर दुसरीचा खर्च वजा कर.

आणि गाडी घरी आणशील तेव्हा कापूस किंवा सोयाबीन ठेवतो त्या खोलीत उभी करू नको. तिथं उंदीर असतातच, आणि या गाड्यांच्या वायरिंगचं कव्हर त्यांना फार आवडते. एबीएसची एक वायर कुरतडली तरी स्क्रीनवर सगळे दिवे लागतात, शोधायला दिवस जातो, पूर्ण हार्नेस बदलायचा तर नव्या ३९० च्या किमतीतला मोठा भाग तिथंच जातो. ओसरीत ठेव, सीटखाली आणि टँकखाली महिन्यातून एकदा टॉर्च मारून बघ, आणि काही कुरतडल्यासारखं दिसलं तर सेल्फ न मारता मला फोटो पाठव.